तिकिटावर शालिनी, आधारवर गिरिजा

"मॅडम, गेटवरचा जवान आत सोडंना," दादारावांचा फोन. "म्हनतो, तिकिटावरची बाई ही नव्हं."

मी चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचले तेव्हा नवराबायको बाकावर बसले होते. दादाराव शेंद्र्याचे. जमीन एमआयडीसीत गेली, दोन्ही पोरं तिथंच कामाला. त्यांच्या बायकोला, मावशींना, काचबिंदू. उरलेली नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी एकच मागितलं, समुद्र बघायचा. दादारावांनी हात आखडला नाही. माझ्या ट्रॅव्हल एजन्सीतून अंदमान, चार रात्री, खोलीतून समुद्र दिसेल असं भारीतलं रिसॉर्ट.

आणि मी माती खाल्ली. नावं फोनवरच घेतली. दादारावांनी शालिनी सांगितलं. ते लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव. आधार निघालं शाळेच्या दाखल्यावरून, त्यावर गिरिजा. आधारचे फोटो त्यांनी वेळेत पाठवले होते. वीस वर्षं धंद्यात असून मी ते उघडले नाहीत.

नावातलं एखादं अक्षर चुकलं तर एअरलाइन दुरुस्त करते. अख्खं नाव वेगळं असलं की तो दुसरा पॅसेंजर. काउंटरवरच्या मुलीला मी विनवून पाहिलं. तिनं नियम दाखवला, आणि तिचं बरोबरच होतं. नवं तिकीट मी पदरचं काढणार होते, पण त्या विमानात जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशीचं मिळालं. चारातला एक दिवस गेला. एरवी क्लायंट अंगावर येतात. मावशींनी उलट पाण्याची बाटली माझ्यापुढे केली, त्याची मला जास्त लाज वाटली.

बाकावरच लॅपटॉप उघडला. दादाराव म्हणाले, तिकिटावर काय ते असू द्या, हॉटेलात तरी शालिनीच कळवा, तीस वर्षं तेच चालत आलंय.

"नाय," मावशी म्हणाल्या. "तिथंबी गिरिजाच लिवा. तवा मला कुनी इचारलं नव्हतं."

मी रिसॉर्टच्या बुकिंगवरही नाव बदललं.

परत आल्यावर मावशी मुद्दाम ऑफिसात आल्या. पाणी निळं म्हणावं का हिरवं, ते काही ठरलं नाही म्हणाल्या. तिथले वेटर, होडीवाले, सगळे गिरिजा मॅडम म्हणायचे, हे दोनदा सांगितलं.

दिवाळीनंतर दादाराव एकटेच आले, पोराचं तिकीट काढायला. मावशींची नजर गेली होती.

"आता हाकंवरच चालती ती," ते म्हणाले. "गिरिजा म्हनलं की लगी वळती. म्हून आता तेच म्हनतो."

हल्ली मी आधार उघडून पाहिल्याशिवाय बुकिंग करत नाही. लग्न झालेल्या बाईचं असेल तर दोनदा पाहते. तिकीट पुन्हा काढता येतं. मावशींना समुद्राचा आणखी एक दिवस दिसला असता, तो मी घालवला.