रस्त्यावर लावलेली पऱ्हाटी

झरी जामणीकडच्या गुलाम नबीनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरच्या लादीचा. पण दोन हजार सहाच्या सालात बोंडं अळीनं खाल्ली, उरल्या कापसाला भाव नव्हता, आणि राजूरच्या खाणीवर डोझर चालवलेला त्याचा गाववाला मारोती त्याला थेट हिमाचलात रस्त्याच्या कामावर घेऊन गेला.

काम साधं. सांजच्याला आभाळ भरून आलं की घाटातल्या वळणावर मीठ टाकून ठेवायचं. मग वरून पडणारा बर्फ डांबराला चिकटत नाही, सकाळी डोझरच्या पात्यानं सरकन निघतो. मुकादम देवीलालनं पोती दिली, वळण दाखवलं आणि गेला. टाकायचं कसं, हे काही त्यानं सांगितलं नाही. मीठ टाकण्यात सांगायचं ते काय?

आता तीस वर्षं ज्यानं पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, खत दिलं, त्याचा हात चालणार कसा? वाकून झाडाच्या बुडाशी एक चिमूट, दीड हात सोडून दुसरी. गुलाम नबीनं अख्खं वळण तसंच लावून काढलं. ओळी अशा सरळ, की मागं वळून पाहताना त्याचं त्यालाच बरं वाटलं.

सकाळी रस्ता पांढरा, कडक, अन् त्यात ओळीनं काळी भोकं. पातं नुसतं वरून घसरत होतं. मारोती डोझरवरून खाली उतरला.

"नबीभाई, रोडवर पऱ्हाटी लावली काय? ओळींतून फिरवायला डवरा आणू?"

"हास, हास. तुह्या बापाचं काय जाते."

देवीलाल मात्र हसला नाही. सातची बस वळणाअलीकडे अडकून पडली होती. "कल भी ऐसा हुआ तो सीधे घर," एवढंच तो बोलला. घरी तर हाताला काम नव्हतं, म्हणून तर माणूस इतक्या दूर आलेला.

दिवसभर गुलाम नबी वळणावरचा कडक बर्फ फोडत होता. मग त्याला बायकोचा, जमिलाचा, हात आठवला. ती परसात सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकते तेव्हा वाकत नाही, मोजत नाही. उभ्यानं मूठ भरते, मनगट फिरवते, अन् बोटांच्या फटीतून धने एकसारखे पसरतात. त्या सांजेला त्यानं मीठ तसं फेकलं.

"हात बाईमाणसावानी चालून राह्यला तुमचा," मारोती म्हणाला.

"चालू दे. बाई शहाणी हाय."

रात्रीतून वीतभर बर्फ पडला. सकाळी मारोतीनं पातं लावलं, तसा बर्फ कडेला सरकत गेला आणि खाली ओलं डांबर दिसलं. सातची बस आली. ड्रायव्हरनं विडी ओढत गिअर बदलला आणि वळण घेऊन निघून गेला.

देवीलाल बस दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. मग त्यानं ट्रकमधून आणखी दहा पोती उतरवायला लावली.

"आज दो मोड," पुढच्या वळणाकडेही बोट दाखवत तो गुलाम नबीला म्हणाला.