मच्छिंद्र आणि चाळीस नंबर

आमच्या साखर कारखान्यातल्या त्या कंप्युटरच्या खोलीचं नाव काढलं की माझ्या तोंडी आजही शिवी येते. साल सत्त्याऐंशी. दुष्काळानं आमच्या भागात हिरवं म्हणून काही ठेवलं नव्हतं, आणि चेअरमनसाहेबांना सुचलं काय, तर कंप्युटर! त्याच्यासाठी एसी, दाराला पडदा, आत जायचं तर चपला बाहेर. जनावरं चाऱ्यावाचून पाय घासतायत आणि ह्यांचं यंत्र गारव्यात बसलंय. थू!

त्या यंत्रापुढं बसायला चेअरमनच्या गोतावळ्यातला कुणी धजेना. बटण दाबलं आणि जळालं, तर? म्हणून मच्छिंद्रला खुर्ची मिळाली. ईट गावचा पोरगा, बी.कॉम. झालेला. पण आडनाव ऐकलं की ऑफिसातल्या रिकाम्या जागा लगेच भरायच्या, म्हणून चार वर्षं चिपाडाच्या ढिगावर रोजंदारीनं राबत होता. त्याला सोलापूरला धाडून महिनाभर शिकवून आणला.

मी गुंडाप्पा, चारा डेपोवरचा कारकून. गारव्याच्या लोभानं डबा त्याच्याच खोलीत खायचो. एकदा त्यानं मला सगळं दाखवलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. 'गेट' लिहून पुढं सभासदाचा नंबर टाकायचा, की नाव-गाव समोर. 'पुट' लिहून नंबर आणि नाव दिलं की ते आत बसलं. 'डेल' म्हटलं की गेलं. पुट असो की डेल, खाली आपलं 'ओके'.

"आणि त्या नंबरावर आधीच कुणी असलं तर?" मी विचारलं.

"जुनं जातं, नवं बसतं. यंत्र काय विचारत न्हाय."

मी मान हलवली आणि दुसरी भाकरी मोडली.

यंत्र आलं ते सभासदांची नावं आत भरूनच, आणि आठव्या दिवशी त्यांची जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. "आता ही जळमटं कशाला?" असं चेअरमनचा भाचा महारुद्र म्हणाला. पान चघळत, कोपऱ्यात पिचकारी मारत. त्या कोपऱ्याकडं पाठ करूनच मी डबा खायचो.

मे महिन्यात हरणाबाई डेपोवर आली. धनगराची विधवा, साठीला टेकलेली. मेंढरं गेली होती, एक गाभण गाय उरली होती. चारा फक्त सभासदांना, तोही कंप्युटरची चिठ्ठी असेल तरच. चिठ्ठी नाही म्हणून मीच तिला परत फिरवली आणि मच्छिंद्रकडं नेली.

"मावशी, नंबर?"

"नंबर ठावं न्हाय लेकरा. मालक गेल्यावर भागाचं पुस्तक हापिसात दिलं, माझं नाव लावाया. दोन वरसं झाली. द्या म्हटलं तर घावंना म्हन्त्यात."

"मग मालकाचं नाव सांगा."

तिनं पदर तोंडाशी धरला. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? "बिराप्पा," मीच सांगितलं. "बहात्तरच्या दुष्काळात आठ मेंढ्या विकून भाग घेतलेला."

रजिस्टर असतं तर गावाचं पान काढून बोट फिरवलं असतं, मिनिटभराचं काम. ह्या यंत्राला नंबर दिला तर नाव सांगतं, नाव दिलं तर ढिम्म. काय जाळायची असली हुशारी?

मग मच्छिंद्र एकपासून सुरू झाला. गेट एक. गेट दोन. गेट तीन. एकूण नंबर चार हजार आठशे! ऑफिस हसायचं. दोन दिवस त्यानं एकेक नाव वाचलं. हरणाबाई दाराबाहेर चपलांशेजारी बसून. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गाय उठंना झालीया."

संध्याकाळी शेवटचा नंबर झाला. बिराप्पा कुठंच नव्हता.

मच्छिंद्र खुर्चीतून माझ्याकडं वळला. म्हणाला, "गुंडाप्पा, चाळीस ठिकानी महारुद्रच्या गावची नावं हायती. महारुद्रनं मागच्या महिन्यात मला लिस्ट वाचून दावली. मयत सभासदांचे नंबर हायती, म्हनला, त्यावर नवी नावं टाक. म्या टाकली. तेच हे चाळीस."

"म्हणजे बिराप्पा..."

"म्याच पुसला."

तो उठून बाहेर गेला आणि हरणाबाईला सरळ तेच सांगितलं. ती त्याच्या हातांकडं बघत राहिली. "तुमी पुसलं व्हय?" एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आत येऊन त्यानं त्या चाळिसांतला महारुद्रच्या मेव्हण्याचा नंबर घेतला. आधी गेट केलं, नाव मोठ्यानं वाचलं. मग पुट, आणि पुढं हरणाबाई. ओके! चिठ्ठी छापली. मी तिला हक्काहून एक पेंढी जास्तच दिली. गाय जगली.

आठवड्यानं मेव्हणा चिठ्ठी मागायला आला आणि पडद्यावर हरणाबाई बघून भडकला. महारुद्रही धावत आला.

"जुनं रजिस्टर आना," मच्छिंद्र म्हणाला, "मग बगू नंबर कुनाचा ते."

महारुद्रनं पान गिळलं आणि मेव्हण्याला बाहेर ओढलं. चाळिसांची गोष्ट उघड्यावर नको होती त्याला. पण महिन्याच्या आत मच्छिंद्र परत चिपाडावर गेला.

मी तिथं गेलो, त्याची पाठ थोपटली. "लई मोठं काम केलंस गड्या!"

त्यानं माझा हात झटकला. "एकीचं झालं. एकोनचाळीस राह्यले. त्यांच्या बी बायकापोरांच्या दावनीला गुरं असतील."

"मग त्यांनाही शोधू की. कोण कोण होते?"

"तेच तर, गुंडाप्पा," तो म्हणाला. "पुट मारायच्या आधी म्या एकदाबी गेट केलं न्हाय. कोन होते, म्या वाचलंच न्हाय."