नातेवाईकांनी बाहेर बसावे

त्या डॉक्टरांचं नाव मला कधीच कळलं नाही, कारण परीक्षेला फक्त नंबर असायचा. मोहने गावात त्यांचा दवाखाना होता, एवढंच ठाऊक. फॅमिली मेडिसिनची, म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या डॉक्टरकीची, परीक्षा तेव्हा नवीनच निघालेली. ती आमच्या ठाण्याच्या हॉस्पिटलात व्हायची, आणि पेशंट आणून बसवायचं काम सिस्टर म्हणून माझ्याकडे. बाकीचे उमेदवार कोवळे, टाय लावलेले. हे पन्नाशीचे, साध्या बुशशर्टातले.

त्यांना मधुमेहाचा पेशंट मिळाला, मानपाड्याचा कामगार. त्यांनी नाडी पाहिली, पायाची बोटं दाबून पाहिली. मग सरळ उठून दार उघडलं आणि बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला म्हणाले, "ताई, आत या. याचा डबा तुम्हीच भरता ना?"

परीक्षक कडाडले, "डॉक्टर, पेशंट हा आहे. नातेवाईक बाहेर!"

"सर, हिला बाहेरच बसवायचं, तर फॅमिली मेडिसिन हा वेगळा विषय काढला कशाला?"

नापास झाले. पुढच्या वर्षी दम्याची म्हातारी होती. त्यांनी पुन्हा दार उघडलं, सुनेला आत घेतलं आणि चूल कुठे मांडता ते विचारलं. पुन्हा नापास.

जाताना मी म्हटलं, "डॉक्टर, एकदा नियमाने वागा ना. पास व्हा, मग काय ते करा."

ते हसले. "सिस्टर, मग पास कोण झालं?"

तिसऱ्या वर्षी ते यायच्या आधीच मी पेशंट बाईंच्या शेजारी आणखी एक खुर्ची ठेवली आणि त्यांच्या नवऱ्याला आत आणून बसवलं.

"ही खुर्ची कुणी ठेवली?" त्याच परीक्षकांनी विचारलं.

"मी," म्हटलं. "आणि हलवणार नाही."