भारतमातेची काहील आणि मोटेचे बैल

माझी सख्खी आत्या गंगूबाई हिच्यावर निजामी राज्याच्या विलीनीकरणानंतरच्या दुसऱ्या वर्षी, त्याच्याच उत्सवाच्या दिवशी, ऐन दिवेलागणीला, भर तळ्यात अन्याय झाला. अन्याय करणारे दोन बैल होते. (त्यांची नावं छापत नाही, घरचेच आहेत.)

तळ्याच्या ज्या काठाला गावच्या बाया पाणी भरतात, तिथं नुसता चिखल. त्या साली आत्या घागरीसकट घसरली आणि बरेच दिवस लंगडत होती. तिला तिथं दगडी पायऱ्या हव्या होत्या. बस, एवढंच! पण सांगणार कुणाला? निजामी गेली, नवे तहसीलदारसाहेब आले, तरी सभेत बाईनं तोंड उघडलं की गड्यांना खोकल्याची साथ! आणि आता उत्सवाला खुद्द साहेब येणार होते. पत्रकं लिहून लिहून मी असा पेटलो होतो की मला काडी लावायची गरज नव्हती.

"आत्या, बाईला गप करतेत. भारतमातेला कोण गप करंल? तू भारतमाता हो, तळ्यावरून साहेबांपुढं ये!"

आत्यानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "पुढारी, मला पव्हता येत न्हाई."

"पव्हायचं न्हाईच! काहिलीत बसायचं!"

काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी लोखंडी कढई. पूर आला की आमच्याकडची माणसं तिच्यात बसून नदी ओलांडतात. मी तिच्या कडेनं पणत्या लावल्या, आत पाट ठेवला, आत्याच्या हाती झेंडा दिला. बेत साधा होता. बायांच्या काठावरून काहील निघायची; समोरच्या काठावर मांडवात साहेब; मांडवामागून आमचे सखाकाका विहिरीतून पाणी उपसायच्या मोटेच्या नाड्यानं, म्हणजे जाड दोरखंडानं, मोटेच्याच बैलांकरवी तिला ओढणार. आत्या साहेबांपुढं येऊन पायऱ्या मागणार. माणसं हिसके देतात, बैल एका चालीनं ओढतात. (याला मी शास्त्र म्हणत होतो!)

आणि काय सांगू, काहील निघाली! आभाळ जांभळं झालेलं. मांडवाकडून मंद वारा येत होता. नाडा पाण्याखाली, त्यामुळं ओढणारं कुणी दिसतच नव्हतं. आत्या आपली आपण तरंगत यायली होती, आणि तिच्याखाली दुसरी एक आत्या उलटी, पणत्यांची माळ ल्यालेली. सगळं गाव बोलायचं विसरलं. मी तर पायऱ्यासुद्धा विसरलो!

काहील मांडवाजवळ आली. आत्यानं हात वर केला. "साहेब, आमच्या गावच्या बाया..."

आणि बैल थांबले.

मोटेचे बैल ते! धाव, म्हणजे विहिरीपासूनची उतरती वाट, संपली की थांबायचं, मोट रिकामी झाली की उलट्या पावली मागं यायचं. जन्मभर हेच केलेलं. ते इमानानं मागं सरकू लागले. नाडा ढिला पडला. काहील स्वतःभोवती फिरली (गोल वस्तूला पुढची बाजू नसते, हे माझ्या शास्त्रात नव्हतं) आणि साहेबांकडं पाठ करून भारतमाता वाऱ्यासंगं, एखाद्या स्वप्नासारखी, परत निघाली!

मी मांडवामागं धावलो. "काका, पुढं हाका!"

"हाकायलोय की! पर त्येंचं म्हणणं हाय, मोट रिकामी झाली."

"मोट कुठं हाय? आत्या हाय तिथं!"

"ते तू सांग बैलायला. पत्रकं तूच लिव्हतोस ना?"

बैल पुन्हा पुढं निघाले. आत्या पुन्हा आली. "साहेब, बायांच्या काठाला..." पुन्हा मागं! लोकांना वाटलं, देखावाच असा बसवलाय. "भारतमाता की जय!" ती आली की जय, गेली की जय. साहेब बिचारे दर खेपेला उठून हात जोडायचे. त्या जयजयकारात मागणी बुडाली, हे मी आजही जाहीरपणे सांगतो!

"मेल्या पुढाऱ्या!" पाण्यावरून आवाज आला. "मी माता हाय का मोट?"

पुढच्या खेपेला ती थांबलीच नाही. मांडवाजवळ येताच तिनं झेंडा दातात धरला आणि उडी टाकली. पाणी कमरेएवढंच होतं! चिखल तुडवत ती थेट साहेबांपुढं उभी राहिली. "साहेब, बायांला पाणी भराया पायऱ्या पायजेत!"

"मंजूर!" साहेब म्हणाले. आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.

पायऱ्या झाल्या. देखण्या, काळ्या दगडाच्या. कुठं? जिथं भारतमाता पाण्यातून वर आली, तिथं! मांडवाच्या काठाला! पवित्र जागा म्हणून! आता संध्याकाळी गावचे गडी तिथं पाण्यात पाय सोडून बसतात, विड्या ओढतात, चांदणं उगवताना बघतात. पलीकडं आत्या अजून चिखलातून घागर सावरत चढते.

हे मीही त्याच पायरीवर बसून लिहायलोय. (इथं फार छान सुचतं!) म्हणून स्पष्ट सांगतो: तुम्ही अशाच कुठल्या पायरीवर बसून हे वाचत असाल तर उठा. एक दगड उचला, बायांच्या काठाला नेऊन टाका. आत्ताच. माझी वाट बघू नका. माझं पत्रक अजून संपायचंय!