अखाजी लागली

“दगड घट धरना नही, पाखरूनं पिलू धरतस तसा धरना,” सुंदरबाई एकदा म्हणाली होती.

घट्ट धरलेला दगड सुटताना वाकडा जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सोनगीरचा गड जिथून दिसतो अशा नदीकाठच्या सारवड गावात तिच्या बापाचं वावर होतं. ज्वारी हुरड्यात आली की ती माळ्यावर उभी राहायची. भाऊ गोफण फिरवायचा, ही नुसत्या हातानं पाखरं पाडायची. लहानपणी तिनं बांधावर एक कोल्हा मारला. तो लगेच मेला नाही. पाय झाडत राहिला, आणि ही पोर त्याच्या शेजारी जाऊन बसली. आई भागाबाई धावत आली. “भ्यायनी नही का व तू?”

“मी नही माय. तो भ्यायेल व्हता.”

हे वाक्य गावभर झालं. पारावर लोक तिला थांबवून पुन्हा म्हणायला लावत आणि हसत. कोल्ह्याचं रक्त बांधावर काळं पडलं होतं, तिकडे कुणी गेलं नाही.

तिचं लग्न नदीच्या पलीकडे आंबोड्यात झालं. होळीनंतर नदीत पाणी नसे, नुसती वाळू आणि गोटे. सासरच्या अंगणात उभं राहिलं की माहेरच्या घरातला धूर दिसायचा. माहेर इतकं जवळ असणं हे काही सुख नव्हे. मार खाताना तोंडात पदर कोंबावा लागतो, कारण आवाज नदी ओलांडतो.

सासू झुंबरबाई. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. तो तिच्या नवऱ्यानं मोडला होता. नवरा मेला, हात तसाच राहिला. उजव्या हातात जे असेल त्यानं ती सुनेला मारी. लाटणं, फुकणी, चुलीतलं लाकूड. भाकरी करपली की चिमटा तापवून सुनेच्या दंडाला लावी आणि म्हणे, आता भाकरीला काय वाटलं ते कळलं? नवरा अभिमन रागानं मारत नसे. तो कणसं झोडपल्यासारखा मारी, काम उरकावं तसा, आणि मग हात धुऊन जेवायला बसे. सुंदरबाईचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन खोकल्यानं गेला. त्यानंतर धुडी झाली.

आणि धुडी बोलायला लागली.

त्या घरात तोवर कुणी हसत नव्हतं. चार वर्षांची ही पोर गोठ्यात उभी राहून रवंथ करणाऱ्या बैलाकडे बघत बसली, आणि आजीला, म्हणजे तिच्या मोठ्या मायला, तिनं हाक मारली. “मोठी माय, बैल कोणले गाया देस?”

झुंबरबाई दिवसभर तोंडातल्या तोंडात शिव्या पुटपुटत असे. तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती शेणाच्या पाटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आत जाऊन मडक्यातला गुळाचा खडा आणला आणि पोरीच्या तोंडात घातला. ती रीतच झाली. धुडीनं काही बोलावं, आजीनं गूळ द्यावा. शेजारणी संध्याकाळी ऐकायला येत.

“गड आते बठेल शे,” धुडी सोनगीरकडे बोट दाखवून म्हणे. “उभा ऱ्हायना ते केवढा व्हई?”

गूळ.

एकदा अभिमननं सुंदरबाईला नाड्यानं मारलं. मोटेचा जाड दोर तो. धुडी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बघत होती. मारून झाल्यावर ती उठली आणि बापाजवळ गेली. त्याचा तळवा दोन्ही हातांत धरला. “बा, तुना हात दुखस का? मी फूक मारू?” आणि गाल फुगवून त्या लाल तळव्यावर तिनं फुंकर घातली.

अभिमननं हे चावडीवर सांगितलं. माणसं हसून लोळली. “पोर मायाळू शे रे भाऊ तुन्ही!” सुंदरबाई त्या वेळी भिंतीला पाठ लागू नये म्हणून उपडी निजली होती. तीसुद्धा हसली असेल. तिच्या उजव्या हातावर गोंदण होतं, डाव्यावर चिमट्याचे डाग. धुडीला डाग आवडत. ती त्यांवरून बोट फिरवी आणि आजीकडे हट्ट धरी, “माले बी अश्या चांदन्या काढी दे ना!”

धुडीनं बापाच्या हातावर फुंकर घातली त्या दिवशी मात्र झुंबरबाईनं गूळ दिला नाही. ती पोरीला उचलून बाहेर घेऊन गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

चौतीस साली अखाजीला सुंदरबाई धुडीला घेऊन माहेरी आली. वैशाखातल्या या सणाला, अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात. त्या काठच्या गावांत सणाचा शेवट नदीवर होई. गौराई बोळवायला दोन्ही गावांच्या बाया आपापल्या काठावर जमत. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. आधी गाणी, मग शिव्या, मग दगड. वर्षभर मान खाली घालून राहिलेल्या बाया त्या दिवशी मोकळ्या सुटत. डोकी फुटत, दात पडत. सूर्य बुडाला की सगळं थांबे. त्यानंतर कुणी विचारायचं नाही, कुणाची शिवी आणि कुणाचा दगड. कपाळाला हळद दाबायची आणि एवढंच म्हणायचं, अखाजी लागली. हा नेम मोडला तर दोन गावांत खून पडतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुंदरबाई माहेरच्या काठावर, म्हणजे सासरच्या समोर उभी होती. यात नवल नव्हतं. निम्म्या बायांचं असंच होतं. नणंद भावजयीला दगड मारी, बहीण बहिणीला. धुडी आईच्या लुगड्याचा सोगा धरून ओरडत होती, “माय, ती दख, मन्ही मोठी माय! मोठी माय व!” आणि हात हलवत होती. पलीकडून झुंबरबाईनंही हात हलवला. दोन्ही काठ हसले.

सुंदरबाईनं दोन-चार गोटे वाळूत टाकले, कुणाला लागू नयेत असे. ऊन उतरत होतं. शिव्या चढत होत्या. झुंबरबाई पुढे आली, वाळूत उतरली, मोडका हात कमरेवर ठेवून तिनं तोंड वर केलं. शिव्यांत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिनं सारवडच्या पाटलिणीला घेतलं, पुजारणीला घेतलं, भागाबाईला घेतलं. मग सुनेचं नाव न घेता, पण तिच्याकडे बघत, ती ओरडली,

“आंडोरखाई! पोऱ्या खाई टाका, आते कोणले खाशी व?”

पोरगा खाल्लेली. तीन महिन्यांचा तो मुलगा सुंदरबाईच्या मांडीवर, धाप लागून, निळा पडून गेला होता. त्या रात्री झुंबरबाईनंच त्याला दुपट्यात गुंडाळलं होतं.

बाया खदखदून हसल्या. त्यांना ती रोजची शिवी होती.

सुंदरबाईनं वाकून एक गोटा उचलला. लिंबाएवढा, गुळगुळीत. ती धुडीला म्हणाली, “डोया झाक.” मग तिनं तो सैल धरला.

झुंबरबाई ओरडली नाही. बसली फक्त. तिच्या उजव्या डोळ्याच्या जागेतून काहीतरी गालावर उतरलं आणि बोटांतून वाळूत गळलं. दोन्ही काठांवरचा गलबला क्षणभर थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला, कारण थांबणं म्हणजे विचारणं. तिला बायांनी उचलून नेलं. जाताना ती एकच म्हणत होती, “अखाजी लागनी. अखाजी लागनी माले.”

डोळा गेला. धुळ्याच्या दवाखान्यात तो काढून टाकला आणि पट्टी बांधून दिली.

माहेरपण संपवून सुंदरबाई परत आली. तिला वाटलं होतं, दारातच नाडा पडेल पाठीवर. पण घर शांत होतं. झुंबरबाई खाटेवर बसली होती. उरलेल्या डोळ्यानं तिनं सुनेकडे पाहिलं आणि धुडीसाठी हात पसरले. काही विचारलं नाही. अभिमननंही नाही. त्या आठवड्यात सुंदरबाईनं सासूची पट्टी बदलली, खाचेतला पू कापसानं टिपला, हळद भरली. सासू तोंड वर करून बसे, सून श्वास रोखून. दोघींना सगळं माहीत होतं आणि दोघी ते जिभेखाली धरून होत्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सुंदरबाईला कुणी मारत नव्हतं.

एका संध्याकाळी खुशाली विचारायला शेजारणी आल्या. अभिमनचा चुलता वना आबा ओट्यावर बसला होता. भाऊबंदकीत त्याचा शब्द शेवटचा. सुंदरबाई डोक्यावरून पदर ओढून चुलीपाशी. धुडी आजीच्या मांडीत.

“काय व धुडी,” एक शेजारीण हसत म्हणाली, “तू बी गयथी ना नदीवर? काय दखं तू? सांग आमले.”

धुडी ताठ बसली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला फार आवडे.

“मन्ही मायनी मारा,” ती म्हणाली. “एकच दगडमा! माय बोलनी डोया झाक. मी झाकातच नही.” तिनं हात मागे नेऊन आई कशी उभी राहिली ते करून दाखवलं, अगदी तस्सं, डावा पाय पुढे. “बठ्ठासना दगड वाळूमा पडनात. मन्ही मायना बरोबर लागना!”

कुणी हसलं नाही. तिनं आजीकडे वळून तळवा पुढे केला.

“मोठी माय, माले गूळ?”

अभिमन उठला. खुंटीवरचा नाडा त्यानं काढला आणि पहिला फटका सुंदरबाईच्या पदरावर, डोक्यावर बसला. या वेळी तो काम उरकत नव्हता. ती चुलीवर पडली, हात निखाऱ्यांत गेला, तवा कलंडला. त्यानं तिला वेणीला धरून ओढलं आणि मारत राहिला. शेजारणी भिंतीला चिकटल्या. धुडीला कळेना. ती आधी हसली, मग तिनं आजीच्या छातीत तोंड लपवलं.

“बस्स!” वना आबा ओरडला. “मारी टाकशी का तिले?”

नाडा थांबला. सुंदरबाई बसती झाली. ओठ फाटला होता, दात रक्तानं भरले होते.

वना आबा ओट्यावरून आत आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला गाव वाचवायचं होतं. “अखाजीच्या दगडाला आज नाव पडलं,” तो म्हणाला, “तर उद्या सारवडची माणसं त्यांच्या फुटलेल्या डोक्यांची नावं मागायला येतील. हे इथंच मिटलं पाहिजे. पोरी, तू म्हण, पोर खोटं बोलली. एवढं म्हण. मग दगड कुणाचाच नाही, तू या घरची, अन् कोणी तुझ्या अंगाला हात लावणार नाही. अभिमन, ऐकलं?”

अभिमननं मान हलवली.

“अन् पोरगीचं?” एका शेजारणीनं हळूच विचारलं.

“खोटं बोलणाऱ्या पोराला काय करतात? जिभेला डाग द्यायचा. सुईचा. पुन्हा असं बोलणार नाही.” वना आबानं सुंदरबाईकडे पाहिलं. “नाहीतर पोर खरं बोलली. मग दगड तुझा. तू आपलं माहेर धर, परत यायचं नाही. पोर आमच्या वंशाची, ती आमच्याकडे राहील.”

शेजारणी पुढे सरकल्या. चारी बाजूंनी तिला समजावू लागल्या. डागाचं काय एवढं, अक्का? पोटात दुखलं तरी देतात. चार दिवसांत जीभ बरी होते. लेकरू विसरून जातं. तू म्हणून टाक. घर राहील, लेक राहील.

एकीनं गोधडी शिवायची सुई शोधलीही. निखाऱ्यांत ठेवली. तिचं टोक लाल व्हायला वेळ लागला नाही.

झुंबरबाईनं पोरीला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, मोडक्या हातानंसुद्धा. पट्टीखालून पाणी येत होतं. “बोल ना व,” ती सुनेला म्हणाली. तिच्या आवाजात कधी नव्हे ती अजिजी होती, आणि ती सुनेनं काय बोलावं म्हणून होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. “काहीतरी बोल.”

धुडीनं तोंड बाहेर काढलं. लाल सुईकडे पाहिलं, मग आईकडे. “माय,” ती घाबरत म्हणाली, “मी खरं बोलनू ना?”

सुंदरबाईनं लेकीकडे पाहिलं. एकदाच, नीट, खालपासून वरपर्यंत. पदरानं तोंडावरचं रक्त पुसलं. भाजलेला हात छातीशी धरून ती उठली. कलंडलेला तवा सरळ करून ठेवला. वना आबासमोर आली तेव्हा तिनं पदर पुढे ओढला नाही, आणि म्हातारा बाजूला झाला.

ती उंबरा ओलांडून बाहेर पडली. नदीच्या दिशेनं, एकटी.