जीपमागची तिफण

आमची जीप आधी चळवळीच्या पत्रकांची गाडी होती. वर भोंगा, मागे पत्रकांचे गठ्ठे आणि गावोगावच्या चौकात बाबांचा आवाज. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. पुढे सभा कमी झाल्या, बाबा थकले, बैलजोडी विकली आणि जीप रानात आली. तिची चारही चाकं ओढतात. काळ्या मातीत ती सहसा फसत नाही.

मागच्या रब्बीत हरभरा पेरायचा होता. गावातले ट्रॅक्टर मोठ्या रानांत गुंतलेले. आमच्या दोन एकरांचा नंबर दरवर्षी शेवटी लागतो. तो का, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बोलत कुणी नाही. ओल उडत चालली होती. त्या दिवशी पेरलं नसतं, तर रान पडीकच राहिलं असतं.

बाबांनी जीपच्या हुकाला साखळीनं पेरणीची तिफण बांधली. ते स्टिअरिंगवर, मी तिफण दाबून धरलेली आणि आई चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत मुठीनं दाणे सोडत चालणारी. तिची मूठ बैलांच्या चालीची. जीप सगळ्यात खालच्या गिअरलाही बैलांपुढे पळते.

"अवं, हळू! मी काय तुमच्या मोर्च्यात पळून राह्यले का?"

"याहून हळू न्हाई जात. बंद पडती."

"मंग मीच बंद पडते."

आई बांधावर बसली. गुडघे टम्म सुजलेले. मी थांबलेल्या जीपमध्ये डोकावले. त्या गिअरला जीप पेडल न दाबता आपली आपण सरकते. पेरताना बाबांचे दोन्ही पाय मोकळेच होते. बाईच्या कष्टांबद्दल याच गाडीतून आम्ही किती पत्रकं वाटली होती!

"बाबा, आईला वर बसवा. तुम्ही चाड्यावर या."

"तिला गाडी कुठं येती?"

"तुम्ही तरी काय करून राह्यले? नुसतं चाक धरून तर बसलेत."

आईला शेजारी घेऊन बाबांनी जीप चालू केली, चाक तिच्या हातात दिलं आणि सरकत्या गाडीतून उतरले. बांध आला की पळत जाऊन चढायचे, गाडी वळवून द्यायचे, पुन्हा उतरायचे. धापा टाकत मूठ सोडायचे.

"दाणे सांडून राह्यले," आई मागे न बघताच म्हणाली. "आवाजावरून कळतं मला."

दिवस मावळताना पेरणी उरकली. आनंद करायला कुणात त्राण नव्हतं. भाकरी तशाच राहिल्या.

हरभरा उगवला. आईच्या मुठीचा एकसारखा, बाबांच्या मुठीचा कुठे दाट, कुठे नुसती माती.

"बियाणंच खराब होतं," बाबा म्हणाले.

"पिशवी एकच होती." आईनं उरलेले दाणे आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यात ठेवला.

बाबा रिकाम्या जागी उकिडवे बसले आणि बोटानं एकेक दाणा मातीत टोकू लागले. मी दुसऱ्या ओळीला बसले. आई घराकडे गेली, झोपायला.