अस्तरबाईचा पडदा

समोरच्या घरात राहणाऱ्या वहिनीला मी अस्तरबाई म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. पाठीमागे बोलायला माझ्याकडे याहून चांगला माल असतो.

नाव पडलं ते असं. ही बाई भरतकाम करते आणि जे जे भरते त्याला मागून अस्तर लावते. उशीच्या अभ्र्याला अस्तर, ठीक आहे. टेबलक्लॉथला अस्तर, तेही एक वेळ समजू. पण माझ्या लेकीला दिलेल्या हातरुमालाला अस्तर? पोरगी म्हणाली, "आई, गादीने नाक पुसल्यासारखं वाटतं." चष्म्याचं घर, किटलीची टोपी, टीव्हीच्या रिमोटचा अंगरखा, सगळं कसं आतून गुबगुबीत. आमच्या घरात तिने दिलेल्या वस्तू इतक्या झाल्या, की आमच्या ह्यांनी एकदा घाबरून विचारलं, "मलापण लावणार की काय अस्तर?"

"तुम्हाला आतून बघायला कोण जातंय?" मी म्हटलं.

भरतकाम करणाऱ्या बायकांना एक दुष्ट खोड असते. कापड हातात आलं की फुलं बघायची नाहीत, सरळ उलटं करायचं आणि मागचे धागे तपासायचे. मागची बाजू नीट, तर हात नीट. अस्तरबाईची पुढची बाजू अशी की फुलपाखरू फसावं. आणि मागे? गाठीवर गाठ, शेपट्या लोंबताहेत, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर धागा आडवातिडवा उड्या मारत गेलेला. स्वभावच तसा. आधी ती एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची. तिथेसुद्धा चूक झाली की खोडून पुन्हा लिहायचं नाही, वरून पांढरा रंग फासायचा. तिची पत्रं म्हणे उन्हात धरली की आत जुनी अक्षरं दिसायची.

पण अस्तर लावायचं खरं कारण म्हणजे तिची नणंद. वन्सं.

लग्न होऊन आली तेव्हा हिने हौसेने एक टेबलक्लॉथ भरून वन्संना दिला. वन्संच्या घरी पाहुणे बसलेले. वन्संनी तो घेतला, उलटा केला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, पुढे बाग छान आहे गं. पण मागे कावळ्याने घरटं केलंय का?" पाहुणे हसले. हीसुद्धा हसली. घरी आली आणि पहिलं अस्तर शिवलं. तेव्हापासून आजतागायत वन्संना हिच्या कामाची मागची बाजू दिसलेली नाही. त्या दर वेळी वस्तू उलटी करतात, अस्तर बघतात, "हं" म्हणतात आणि ठेवून देतात. त्या एका "हं"ने ही चार दिवस जेवत नाही. म्हणजे जेवते, पण माझ्याकडे येऊन जेवते.

तर अशात वन्संच्या कमरेचं हाड मोडलं. जिभेला हाड नसतंच, त्यामुळे ती शाबूत. लेकीकडे राहायला गेल्या, हॉलच्या लगतची खोली मिळाली, खाट दाराच्या समोर. आणि एका सकाळी ती लेक, म्हणजे आमच्या अस्तरबाईची भाची, हिच्याकडे आली.

"मामी, आईच्या दाराला पडदा हवाय. तुझ्या हातचा."

"देईन की. त्यात काय!"

"जाड नको हं. दार बंद केलं की आई म्हणते मला कोंडलं, उघडं ठेवलं की म्हणते येणारा-जाणारा टक लावून बघतो. झिरझिरीत हवा. हॉलच्या खिडकीचा उजेड आत गेला पाहिजे, आणि कोण आलं ते तिला पडल्या पडल्या कळलं पाहिजे." असं म्हणून तिने पिशवीतून ऑर्गंडीचं पांढरं कापड काढलं. वर धरलं. पलीकडून मला तिचं नाक दिसत होतं.

भाची गेल्यावर अस्तरबाई ते कापड मांडीवर घेऊन बसून राहिली.

"याला अस्तर लागणार नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि वन्सं दिवसभर त्याच्याकडे तोंड करून पडून राहणार."

"दिवसभर," मी म्हटलं. मी काही धीर देणाऱ्यांतली नाही.

आम्ही उपाय पुष्कळ काढले. बाजारातून तयार आणावा, तर वन्संच्या नजरेला मशीनचा टाका दारातून ओळखू येतो. कापड दुहेरी घ्यावं, तर घेऊन पाहिलं, तंबू झाला. डोळे दुखतात म्हणून सांगावं, असं मी सुचवलं. त्यावर अस्तरबाई जरा रागावली. "नाही. त्या आजारी आहेत आणि पहिल्यांदा त्यांच्या घरातून मागणं आलंय. करायचं तर करायचं. आणि या खेपेला मागची बाजूही स्वच्छ."

मग सुरू झालं. कापड गोल रिंगेत ताणायचं, दोन टाके घालायचे, रिंग उलटी करायची, सुस्कारा टाकायचा, उसवायचं. ऑर्गंडी म्हणजे नाजूक प्रकरण, जास्त उसवलं की भोकं पडतात. शिवाय एक नवीच पंचाईत कळली. एका फुलावरून दुसऱ्यावर मागून धागा नेला, की तो पातळ कापडातून पुढूनसुद्धा दिसतो. रस्त्यावरच्या विजेच्या तारेसारखा.

"कापा आणि गाठ मारा," मी म्हटलं.

"म्हणजे अजून एक गाठ."

"मग राहू दे तार. चिमण्या भरा वर."

तिने माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग त्या तारेकडे नीट बघितलं. हिरवा धागा ओवला आणि मागच्या तारेच्या बरोब्बर वरून पुढच्या बाजूने देठ भरत नेला. तार झाकली. तिथून पुढे जिथे जिथे धाग्याने उडी मारली, तिथे तिथे वेल आली. भलतीकडून निघून भलतीकडे जाणारी, दोन फुलांना मध्येच गाठून तिसऱ्याकडे वळणारी. अशी वेल कुठल्या बागेत उगवत नाही, पण दिसायला झकास होती. मी रोज दुपारी चहा घेऊन जायची आणि साऱ्या बिल्डिंगीच्या बातम्या देऊन तिचं मन रमवायची. गाठी मात्र राहिल्याच. वेलीखाली तार लपते, गाठ कशी लपणार?

पडदा लावायला आम्ही तिघं गेलो. तिचे यजमान दांडी आणि पाना घेऊन, ती पडदा घेऊन, आणि मी तमाशा बघायला. वाटेत तिने बेत सांगितला: पुढची बाजू खोलीकडे, वन्संकडे. गाठी हॉलकडे. पाहुण्यांना काय कळतंय?

यजमानांनी दांडी ठोकली, थोडी तिरकी. पडदा सोडला. वन्सं उशीला टेकून बघत होत्या. वेल, फुलं, मागून येणारा उजेड. आमची बाई दाराशी उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"हं," वन्सं म्हणाल्या. आणि मग, "फिरव तो."

"वन्सं, अहो आत्ताच लावलाय, ह्यांचे हात दुखतील..."

"त्याच्या हातांना काय झालंय? फिरव रे."

भाऊच तो. मोठ्या बहिणीपुढे त्याची काय टाप! दांडी काढली, पडदा फिरवला. हॉलच्या खिडकीतलं ऊन थेट त्यातून आत आलं आणि एकेक गाठ, एकेक शेपटी उभी राहिली.  मी गाठी मोजायला लागले.

वन्संनी चष्मा लावला. वरच्या कोपऱ्यापासून बघत खाली आल्या.

"इथे डोळा लागला होता तुझा."

"हो."

"इथे भावाने चहा मागितला. दोनदा."

"तीनदा," अस्तरबाई म्हणाली.

"मला का मध्ये घेताय?" यजमान पुटपुटले.

"आणि इथे? हा एवढा गुंता? इथे कोणीतरी शेजारी बसून तोंडाचा पट्टा चालवत होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"कावळ्याचं घरटं, नाही का वन्सं?" अस्तरबाईने एका दमात विचारून टाकलं. 

वन्संना क्षणभर आठवेना. मग आठवलं. "ते? अगं, ते अजून धरून बसलीस? मग ती अस्तरं... ती त्याच्यासाठी?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं तुझ्या माहेरची तऱ्हा आहे! दर वेळी बघायची, वाटायचं काय निगुतीने लावते ही. मीसुद्धा दोन उशांना लावून बघितली. माझी काही तशी बसली नाहीत." वन्संनी हे भिंतीकडे बघून सांगितलं, कारण हरल्याचं सांगायची त्यांना सवय नव्हती.

आधी हसली ती भाची. मग अस्तरबाई इतकी हसली की तिला खाटेच्या कडेवर बसावं लागलं. वन्संनी सरकून जागा दिली.

"मग आता फिरवू का परत?" यजमानांनी दांडी हातात धरून विचारलं.

"नको. फुलं दोन दिवसांत पाठ होतील माझी. ही बाजू मला उठून चालेपर्यंत पुरेल. बाहेरच्यांना बघू दे फुलं." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हिला आणत जा गं. चहा फक्कड करते म्हणे. आणि पुढच्या कामाला गाठी कमी पडायला नकोत."

त्यानंतर काही दिवसांनी अस्तरबाईने मला भरतकामाची एक पिशवी दिली. बाहेरून शेवंतीची फुलं. मी अर्थातच आधी आत हात घातला. अस्तर नाही! आत सगळा कावळ्यांचा मोहल्ला.

"अस्तरबाई, अस्तर विसरलात," मी म्हटलं.

"विसरले नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता रोज बाजारातून आले की घराची किल्ली त्या गाठींत अडकते. मी दारात उभी राहून पिशवीशी झटापट करते, हातातली भाजी खाली सांडते. आणि समोरचं दार बोटभर किलकिलं होतं. आतून कोण हसतंय ते बघायला मला वळावं लागत नाही.